नको ते संदेश फुकट, हवा तो दीड रुपयाला

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

समाजमाध्यमांवरील नकोशा जाहिरातींच्या माऱ्याविषयी कालच्या अंकात जे पत्र प्रसिद्ध झाले आहे, त्याच्या लेखकांचा हेतू चांगला आहे हे मी आधीच मान्य करतो. परंतु ग्राहकांनी सजग राहावे, सेटिंग बदलावे आणि अनोळखी क्रमांक ब्लॉक करावेत, हा जो उपदेश त्यांनी केला आहे, तो वाचून मला संताप आला आणि रात्र उलटली तरी तो उतरलेला नाही. ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच कुलूप कसले लावले होते म्हणून दटावायचे, तशातला हा प्रकार आहे. दिवसभर नको त्या गोष्टी आमच्या फोनवर ओतणाऱ्यांना त्या पत्रात एका शब्दानेही जाब विचारलेला नाही, आणि या माऱ्यात आमच्या खिशातून जे पैसे जातात त्यांचा तर उल्लेखही नाही.

आमच्या रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातला शेतकरी हौस म्हणून व्हॉट्सअॅप वापरतो, असा त्या लेखकांचा समज दिसतो. रावेरचा आणि बऱ्हाणपूरचा केळीचा भाव कळल्याशिवाय माल कापायचा की आणखी दोन दिवस थांबायचे हे येथे कोणी ठरवत नाही, आणि तो भाव आता ग्रुपवरच येतो. ग्रुपमध्ये शिरण्याची लिंक गावोगाव फिरत असते, त्यामुळे कोणीही आत येऊ शकतो, आणि एकदा आत आला की सगळ्यांचे क्रमांक त्याच्यासमोर उघडे असतात. मग भावाच्या दोन ओळींमागे कर्जाच्या जाहिराती, शेअर बाजारातील हमखास नफ्याची आमिषे, रमीचे खेळ, घरबसल्या कमाईचे निरोप आणि सरकारी योजनेच्या नावाखाली पाठवलेल्या एपीके फायली, म्हणजे फोनमध्ये नवे अॅप बसवणाऱ्या फायली, यांची रांग लागते. ती फाइल उघडून फोनमध्ये बसवली तर फोनचा ताबा दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. पत्रलेखकांच्या मते अशा वेळी ग्रुप सोडून द्यावा. भाव मग कोणाला विचारायचा, हेही त्यांनी सांगायला हवे होते.

माझ्या थोरल्या बंधूंना आम्ही आप्पा म्हणतो. त्यांच्यावर जे गुदरले ते सविस्तर सांगतो, कारण संदेशांच्या शुल्काचा प्रश्न त्यातूनच मला नीट कळला. आप्पांचा फोन ठिबकच्या टाकीत पडला आणि त्यांना नवा घ्यावा लागला. नव्या फोनवर पैसे पाठवण्याचे यूपीआय अॅप सुरू करायचे असेल, तर आपल्या सिममधून एक एसएमएस आपोआप बँकेच्या व्यवस्थेकडे जावा लागतो; हा क्रमांक याच फोनमध्ये आहे याची खात्री त्यावरून केली जाते, आणि तो संदेश गेला नाही तर अॅप पुढे सरकत नाही. सुरक्षिततेसाठी हे योग्यच आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण आप्पांचा रिचार्ज स्वस्तातला होता. त्यात थोडे बोलणे आणि थोडे इंटरनेट होते, संदेश नव्हते, आणि मूळ बॅलन्स शून्य होता. केळीची पिलं, म्हणजे बुंध्याजवळ फुटणारे कोंब, काढणाऱ्या बायकांची आठवड्याची मजुरी मुकादमाला द्यायची होती, मुकादम ओट्यावर येऊन बसला होता, आणि पडद्यावर एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होते की संदेश पाठवता आला नाही. कशामुळे पाठवता आला नाही हे त्या वाक्यात कोठेही लिहिलेले नव्हते.

शेजारच्या मुलाने ओळखले की बॅलन्स हवा. दहा रुपयांचा टॉपअप मारला. दहा रुपयांच्या टॉपअपमध्ये कर आणि शुल्क वजा होऊन हातात ७ रुपये ४७ पैसेच येतात. त्यातून दर संदेशाला दीड रुपया कापला जाऊ लागला. संदेश जाई, पण पडताळणी अर्ध्यावर अडके, अॅप पुन्हा प्रयत्न करा म्हणे, की पुन्हा दीड रुपया जाई. असे करता करता ते पैसे संपले आणि पुन्हा टॉपअप मारावा लागला. पडताळणी झाली नाही तरी कापलेला दीड रुपया कोणी परत देत नाही. हे सगळे चालू असताना त्याच पडद्यावर वरून कर्जाच्या पट्ट्या घसरत होत्या: कागदपत्रांशिवाय कर्ज, पाच मिनिटांत कर्ज, फक्त येथे दाबा. त्यांना कोणताही रिचार्ज लागत नव्हता, कोणतीही पडताळणी लागत नव्हती. ‘पैसा हाये, पन देता येत नही,’ असे आप्पा मुकादमाला म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. आयुष्यात कोणाची मजुरी त्यांनी दुसऱ्या दिवसावर ढकललेली नाही. त्या दिवशी मुकादम रिकाम्या हाताने गेला आणि दुसऱ्या दिवशी बँकेच्या रांगेत उभे राहून आप्पांनी रोख रक्कम आणली.

यावर उपाय नाही असे कोणी म्हणू नये. दुसऱ्या कंपनीकडे क्रमांक नेण्यासाठी १९०० या क्रमांकावर संदेश पाठवावा लागतो, आणि तेथेही हीच अडचण होती की स्वस्त रिचार्जमध्ये संदेशाची सोयच नसे. तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ७ डिसेंबर २०२१ रोजी सर्व कंपन्यांना निर्देश दिले की ग्राहकाचा रिचार्ज कोणताही आणि कितीही रुपयांचा असो, १९०० वर त्याला संदेश पाठवता आलाच पाहिजे. कंपनी बदलण्याचा हक्क जर एवढा मोलाचा मानला गेला, तर स्वतःच्या खात्यातले स्वतःचे पैसे वापरण्यासाठी लागणाऱ्या संदेशाला तोच न्याय का लागू होत नाही? बँकांच्या पडताळणीच्या क्रमांकांपुरता संदेश विनाशुल्क करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे असे मला तरी वाटत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केवळ बोलणे आणि संदेश एवढेच देणारे स्वतंत्र रिचार्ज काढण्याचे बंधन कंपन्यांवर घातले, हे खरे आहे आणि चांगलेही आहे. परंतु त्यानंतर आले ते ८४ दिवसांचे किंवा वर्षभराच्या आसपासचे रिचार्ज, ज्यांची रक्कम एकदम भरावी लागते, आणि यूपीआयसाठी त्यावर इंटरनेट वेगळे घ्यावे लागते. आप्पांची अडचण त्यातून सुटत नाही.

आता तक्रारीच्या सोयीविषयी. १९०९ वर, म्हणजे नकोशा जाहिरातींसाठी मोबाइल कंपन्यांनी ठेवलेल्या क्रमांकावर, तक्रार करा असे प्रत्येक जण सांगतो, कालच्या पत्रातही ते आहे. साध्या एसएमएसच्या आणि फोनकॉलच्या बाबतीत ही व्यवस्था बरीच सुधारली आहे हे मी मोकळेपणाने मान्य करतो. फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीने संदेश आल्यावर तक्रार करण्याची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली, नोंदणी नसलेल्या जाहिरातदारांवर पाच दिवसांत कारवाईचे बंधन आले, आणि एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी पी, एस, टी किंवा जी हे अक्षर आले, ज्यावरून तो संदेश जाहिरातीचा, सेवेचा, व्यवहाराचा की सरकारी हे कळते. पण हे सगळे मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यापुरते आहे. तीच जाहिरात, त्याच माणसाने, त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर किंवा फेसबुकवर पाठवली की १९०९ चा संबंध संपतो. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरील चक्षू या सोयीत व्हॉट्सअॅपवरील संदेशाची माहिती देता येते, परंतु ती संशयित फसवणुकीसाठी आहे; निव्वळ त्रासदायक जाहिरातीचे गाऱ्हाणे तेथे कसे मांडायचे? राहिले ते अॅपमधील रिपोर्टचे बटण. ते दाबले की शेवटचे काही संदेश त्या कंपनीकडे जातात, आणि पुढे काय झाले हे आपल्याला कधीच कळवले जात नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार या कंपन्यांनी तक्रार अधिकारी नेमून २४ तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यायचा आहे. सावद्याच्या शेतकऱ्याने त्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचायचे कसे, त्याला कोणत्या भाषेत लिहायचे, हे त्याला आजवर कोणी सांगितलेले नाही.

या माऱ्यामागे पैसा आहे आणि तो कोठे जातो हेही लपलेले नाही. व्हॉट्सअॅपच्या व्यापारी सेवेतून मोठ्या प्रमाणावर जाहिरात पाठवायची तर व्यापारी त्या कंपनीला शुल्क देतो, आणि १ जुलै २०२५ पासून ही आकारणी संदेशागणिक होते. म्हणजे जितक्या जाहिराती आमच्यापर्यंत पोहोचतील तितकी तिची मिळकत वाढते, आणि त्या जाहिरातींतील चित्रे व चित्रफिती उतरवून घेण्यात आमचे इंटरनेट खर्ची पडते. अशा कंपनीच्या स्वेच्छेवर हा मारा थांबेल अशी आशा मी करू शकत नाही. एसएमएसला जसा नियामक आहे, तसाच व्यापारी संदेशांपुरता नियामक या माध्यमांनाही असला पाहिजे, आणि जाहिराती नकोत अशी १९०९ वर केलेली नोंदणी तेथेही बंधनकारक झाली पाहिजे, एवढेच माझे मागणे आहे.

शुल्काचा विषय निघालाच आहे म्हणून बँकांबद्दलही दोन वाक्ये लिहितो. अनेक बँका खातेदाराकडून दर तिमाहीला संदेशशुल्क घेतात. प्रत्यक्ष पाठवलेल्या संदेशांनुसारच हे शुल्क घ्यावे असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलेले आहे. तरीही माझ्या पेन्शनच्या खात्यातून, महिन्याला पेन्शन जमा होण्यापलीकडे व्यवहार नसताना, ठरावीक रक्कम कापली जाते. शाखेत विचारले तर वरून आपोआप होते असे उत्तर मिळते. माझ्यासारखा निवृत्त शिक्षक निदान विचारतो तरी. ज्यांना पासबुकावरचे इंग्रजी संक्षेप वाचता येत नाहीत त्यांनी काय करावे?

शेवटी एक विनंती आपल्यालाही करायची आहे आणि ती आपण न वगळता छापावी. आपल्या दैनिकाच्या दिवाळीच्या कुपन योजनेत मी भाग घेतला होता. कुपनांच्या तक्त्यावर नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक लिहून तो मी आपल्या येथील विक्रेत्याकडे दिला. तेव्हापासून माझ्या व्हॉट्सअॅपवर घरगुती उपकरणांच्या, सहलींच्या आणि प्लॉटच्या जाहिराती येत आहेत, आणि त्यांतील काहींमध्ये माझे नाव मी कुपनावर जसे लिहिले होते तसेच, वडिलांच्या नावासह, लिहिलेले असते. इतरत्र मी ते तसे कधी लिहीत नाही. वाचकांनी कुपनांवर लिहिलेले क्रमांक योजना संपल्यावर कोणाच्या ताब्यात राहतात, ते कोणाला दिले जातात का, आणि ते नष्ट करण्याची काही पद्धत आपल्याकडे आहे का, याचे उत्तर आपण याच सदरात द्यावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव