लाल पेन काढण्याआधी निबंध तरी वाचा

संपादक साहेब, नमस्कार.

अमेरिकेतल्या कॉलेजांत आता कसंही इंग्रजी लिहिलं तरी चालतं असा सूर तुमच्या रविवार पुरवणीतल्या लेखात होता, तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी न्यू जर्सीत एका कॉलेजच्या रायटिंग सेंटरमध्ये पार्टटाइम ट्यूटर आहे आणि असं काहीही चालत नाही हो! पहिल्या वर्षाचा कंपोझिशन (निबंधलेखन) कोर्स बहुतेकांच्या मानगुटीवर असतो आणि मार्क धडाधड कापले जातात.

लेखात 1974 च्या ठरावाला झोडपलंय. कॉलेजात लेखन शिकवणाऱ्यांच्या संघटनेनेच तो केला होता, मुलांना आपल्या बोलीचा हक्क आहे म्हणून. पण प्रमाण इंग्रजी शिकवू नका असं त्यात कुठेय? ज्याला हवंय त्याला ते जास्तीचा पर्याय म्हणून शिकवा, असं सोबतच्या टिपणात आहे.

आता एक उदाहरण बघा. कृष्णवर्णीय मुलगी आईबद्दल 'शी बी वर्किंग' लिहिते, तिच्या बोलीत याचा अर्थ आई नेहमीच कामाला जाते. मास्तर त्याचं 'शी इज वर्किंग' करतो, म्हणजे आत्ता या घडीला कामावर आहे, झाला ना अर्थाचा विचका! वर ही मुलगी कच्ची असा शेरा. आपल्या मुलांचं दुखणं वेगळं, मराठीत इंग्रजीसारखी 'द' (the) आणि 'अ' (a) ही आर्टिकल्स नाहीत त्यामुळे ती गळतात, मग पानभर लाल गोल आणि मुद्दा काय मांडलाय त्यावर एक अक्षर नाही. 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने सरसकट प्रवेश खुले केले तेव्हा तिथे लेखन शिकवणाऱ्या मीना शॉनेसी बाईंनी अशा नव्या मुलांचे सुमारे 4,000 निबंध वाचून दाखवलं की चुकांमागेही लॉजिक असतं. त्याला अर्धं शतक उलटलं, तरी आमचे काही मास्तर अजून तिथेच.

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत, काहीच दुरुस्त करू नका म्हणणारी. हे स्वतः जर्नलमध्ये मात्र इस्त्रीचं इंग्रजी लिहिणार, आणि मुलाने जॉबसाठी ईमेल कसा लिहायचा ते त्याचं त्याने बघायचं! माझं म्हणणं एवढंच, आधी मुद्द्याचे मार्क द्या, 'अ' आणि 'द' शेवटच्या ड्राफ्टला समोर बसवून शिकवा.

तो ठराव नेटवर फुकट आहे, लेखकाला पाठवा.

– एक वाचक, न्यू जर्सी