‘वाका’ म्हणणाऱ्या फिजिओ मॅडमना

मॅडम, नमस्कार. समोर थँक्यू म्हणायला गेले की तुम्ही पुढच्या पेशंटला हाक मारता, म्हणून इथे लिहितेय. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडायचं नाही.

कंबर धरल्यापासून जो तो मला एकच सांगायचा, वाकू नको. शेजारीण, सासूबाई, एक मोठे डॉक्टर पण. एमआरआयमध्ये डिस्क बल्ज आला, म्हणजे मणक्यांमधली चकती जराशी बाहेर फुगलेली, आणि मग तर काय, बेल्ट बांधल्याशिवाय मी कचऱ्याचा डबासुद्धा दारात ठेवायची नाही. तुम्ही आधी पायातली ताकद, बधीरपणा, लघवीवरचा कंट्रोल सगळं तपासलंत आणि मग सांगितलंत की चाळिशीत काहीच दुखत नसलेल्यांचा एमआरआय काढला तरी साधारण 50 टक्के जणांत बल्ज दिसतो. हे रिपोर्ट हातात देताना कुणी सांगत का नाही हो?

मग तो टॅम्पा स्केलचा कागद, 17 प्रश्न. 37 च्या वर म्हणजे भीती जास्त, माझे आले 51. याला किनेसिओफोबिया म्हणतात, हालचालीची भीती, पण तुमचं दुखणं खोटं नाहीये असं तुम्ही म्हणालात आणि मला रडूच आलं, घरी ‘मनाचे खेळ’ ऐकून कान किटले होते ना.

माझ्याच घरातले फोटो काढून आणायला लावलेत, फरशी, माळा, बादली, खाली बसून भाजी निवडणं, आणि प्रत्येकाला भीतीचे 0 ते 100 मार्क. बादलीला मी 90 दिले होते. अर्धी भरलेली बादली समोर ठेवून विचारलंत, उचलली तर काय होईल? म्हटलं, मणका सरकेल, इथेच आडवी होईन, उचलून न्यावं लागेल. बरं, बेल्ट काढा आणि उचला. ‘काही होत नाही हो’ असं एकदाही म्हणाला नाहीत, नुसत्या बाजूला उभ्या. उचलली. दुखलं, चांगलंच दुखलं, पण उभी होते! लगेच तुमचा प्रश्न, आता मणका सरकायची खात्री किती? मग परत उचल, मग वाकून, मग वळून पिंपात ओत, आणि तेच सगळं घरी मोरीत पण, कारण क्लिनिकमध्ये जमलं म्हणून घरी भीती जातेच असं नाही.

अजून दुखतं, रिक्षा खड्ड्यात आपटली की जास्तच. पण परवा माळ्यावरचा पाटा मीच खाली काढला, नवरा ऑफिसला गेल्यावर, नाहीतर त्याने काढू दिला नसता.

आता मोठ्या जाऊबाईंना पाठवतेय, गुडघ्यामुळे दोन मजले उतरायला घाबरतात. नी कॅप काढायला सांगाल तेव्हा भांडतील, आधीच सांगून ठेवते.