दोरीवाल्या सरांना पत्र

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

सीझन संपला त्या संध्याकाळी सगळे बोलले, मला मात्र हुंदका आवरला नाही. तेव्हा राहिलेलं आज लिहितोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठा आणि तालमी. पाटाकडील, शिवाजी तरुण, दिलबहार, खंडोबा मैदानात उतरले की शाहू स्टेडियम भरतं. आमच्यासारख्या छोट्या कॉलेजच्या मॅचला घरचीसुद्धा येत नाहीत. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, हे आम्ही बाहेरगावच्या पोरांना छाती फुगवून सांगायचो; सकाळी सहाला मैदानावर मात्र चौघंच यायचो. तुम्ही आलात ते पहिल्याच दिवशी पावणेसहाला, आणि मुरुमावर फक्की टाकून स्वतः गोलसमोरचा डी आखत होतात.

सरावाची पहिली मॅच आपण ०-५ हरलो. त्यातले तीन गोल माझ्या चुकीनं झाले, गोलकीपर असून मी रेषेवरून हललोच नाही. दुसऱ्या दिवशी बोलणी खायची तयारी करून आलो. तुम्ही पिशवीतून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी काढलीत. तिची दोन टोकं गोलच्या दोन खांबांना बांधलीत, मधला भाग ओढत नेऊन पेनल्टी स्पॉटवर खुंटीला अडकवलात आणि तिथं बॉल ठेवलात; दोन दोऱ्यांमधली जागा म्हणजे बॉल गोलात शिरायची वाट. "रेषेवर उभा राहा. हात पसर. दोरी लागते?" कुठली लागतेय, दोन्हीकडं रान मोकळं. "आता पुढं ये." एकेक पाऊल टाकलं तशा दोन्ही दोऱ्या जवळ येत गेल्या. अकराव्या पावलाला दोन्ही हातांच्या बोटांना नायलॉन टेकलं. २४ फुटांचा गोल माझ्या कवेत आला होता, सर. अंगावर काटा आला. मग तुम्ही बॉल अलगद माझ्या डोक्यावरून आत टाकलात आणि म्हणालात, "आता कुठं थांबायचं ते शिकू." त्यानंतर रोज १५ मिनिटं दोरी.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दोन फेऱ्या जिंकलो. सेमीफायनल टायब्रेकरवर गेली.

त्या मॅचबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली आहे. आपल्या स्टॉपरचा, म्हणजे बचावफळीत मधोमध खेळणाऱ्याचा, गुडघा सुजला होता. तो "गोळी घेऊन खेळतो" म्हणून तुमच्या हातापाया पडत होता, आम्हीही त्याचीच बाजू घेतली. तुम्ही बर्फ लावून त्याला बाकावर बसवलंत. हरल्यावर मी तुमच्याशी दोन दिवस बोललो नाही. पेठेत असेच सुजलेले गुडघे घेऊन खेळलेली आणि पंचविशीत बूट खुंटीला टांगलेली माणसं माझ्या घरात आहेत. माझे काका त्यातलेच. तरी मला तेव्हा कळलं नाही. माफ करा. तो गेल्या आठवड्यापासून पुन्हा पळतोय, पट्टी न बांधता. त्याच्या आईनं तुमच्यासाठी निरोप दिलाय, एकदा जेवायला या.

तुम्ही आम्हाला जीव लावलात. मनापासून आभार.

दोरी माझ्याकडंच आहे. पहिल्या वर्षाचा नवा गोलकीपर सोमवारपासून येतोय. खुंटी मोडली होती, ती बाभळीची नवीन करून घेतली आहे. पावणेसहाला मैदानावर आहे मी.

तुमचाच,
गोलकीपर, तिसरं वर्ष