बाबा, यंदा गडावर ट्रॉलीने जाऊ या

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय निघाला की बाबा "बघू पुढच्या वर्षी" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आणि आई लगेच "जेवलीस का" विचारते, की झालं, विषय संपला. म्हणून म्हटलं सरळ लिहूनच काढावं, वाचताना तरी मधेच कुणी फोन दुसऱ्याकडे देणार नाही.

तर विषय सप्तशृंगीचा. गुडघ्याचं झाल्यापासून तुम्ही गडाचं नाव काढत नाही. डॉक्टरांनी जिने बंद सांगितलेत आणि तिथे पाचशेच्या आसपास पायऱ्या, हे मला मान्य आहे. पण मी ट्रॉलीचं म्हटलं तर तुमचं उत्तर काय, तर "पायऱ्या न चढता कसलं दर्शन, त्यापेक्षा घरातल्या फोटोला हात जोडतो". 2018 पासून ती रुळांवरून वर नेणारी ट्रॉली चालू आहे, म्हातारीकोतारी माणसं, पायाने अधू असलेले, तान्ही बाळं घेतलेल्या बायका सगळे जातात, त्यांना काय देवी अर्धंच दर्शन देते का?

मला माहितीये तुम्ही काय म्हणाल, की तू ट्रेकवाली, तूच असं बोलतेस? हो, ट्रेकवाली आहे म्हणूनच बोलतेय. इतकी वर्षं डोंगर चढून मला जे थोडंफार कळलंय ते हेच, की ज्या डोंगराला माणसं मनापासून देव मानतात त्याच्या डोक्यावर पाय ठेवायची त्यांना घाईच नसते. आता आपल्या गडाचंच बघा ना. बाबा, तुम्ही एवढ्या चैत्राच्या यात्रा केल्या पण शिखरावर कधी गेलात? नाहीच गेलात, कुणीच जात नाही. देवी कड्याच्या पोटात आहे, पायऱ्या तिथे संपतात आणि तिच्या डोक्यावर नुसता उभा कातळ. तिथे चैत्रोत्सवात ध्वज लावायला जातो तो दरेगावच्या गवळी घराण्यातला एकजण, तोही रात्री, जिथे वाट अशी नाहीच तिथून, आणि सकाळी सगळं खानदेश खाली उभं राहून मान वर करून तो ध्वज बघतं आणि हात जोडतं. म्हणजे लाखो लोकांची भक्ती पिढ्यानपिढ्या खालूनच चाललीये. मग पायऱ्यांचा हिशोब आपण कुठून काढला?

मागे मी मार्कंड्यावर गेले होते ते आठवतंय ना, आई तू खूप ओरडली होतीस पावसाळ्यात कशाला म्हणून. तो डोंगर गडाच्या बरोब्बर समोर. आपण लहानपणापासून ऐकलं की मार्कंडेय ऋषी तिथे बसून देवीचं स्तोत्र म्हणायचे आणि ते नीट ऐकू यावं म्हणून देवीची मान जराशी कललेली आहे. माथ्यावर पोचलो तेव्हा सगळं ढगात होतं, शेजारचा माणूस दिसत नव्हता, ग्रुपमधली पोरं वैतागून फोन खिशात घालून पोहे खात बसली होती. आणि मग वाऱ्याने मिनिटभर ढग फाटला आणि समोर ती सगळी भिंत, काळी, ओली, तिच्यावरून पाण्याच्या बारीक पांढऱ्या रेघा उतरताहेत. मला पहिल्यांदाच कळलं की गडावर गेलं की गड दिसतच नाही, तो दिसायला समोरच्या डोंगरावर जावं लागतं. ऋषीही गडावर नव्हता गेला, तो समोर बसला होता आणि तिने तिथूनच त्याचं ऐकलं.

बरं हे फक्त आपल्याकडचंच नाही. कांचनजंगा, 8586 मीटर, जगातलं तिसरं उंच शिखर. 1955 च्या मे महिन्यात जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे दोघे ब्रिटिश पहिल्यांदा वर पोचले आणि खऱ्या टोकाच्या काही फूट अलीकडे थांबले. मुद्दाम थांबले. कारण सिक्कीमच्या लोकांसाठी तो डोंगर देव आहे, आणि माथा अस्पर्श ठेवू असा शब्द त्यांच्या लीडरने, चार्ल्स इव्हान्सने, तिथल्या राजाला दिला होता. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं चढले, तेही तिथेच थांबले. वर दुसरं कुणी बघायला नाही हो, ऑक्सिजन संपत आलेला, चार पावलं टाकली असती तर कुणाला कळलं असतं? पण नाही टाकली. आणि तरीही सगळं जग म्हणतं की कांचनजंगा पहिल्यांदा चढला तो त्यांनीच. 2019 ला आपल्या पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेचे दहा जण तिथे गेले तेव्हा पेपरात आलेलं, बाबांनी मला कात्रण काढून ठेवलं होतं बघा.

आणि कैलास तर कुणी चढलेलाच नाही. 6638 मीटर, म्हणजे एव्हरेस्टवर रांगा लावणाऱ्यांना उंचीने काही फार नाही, पण हिंदू, बौद्ध, जैन, तिबेटच्या जुन्या बोन धर्माचे लोक, सगळे त्याला फक्त फेरी घालतात, बावन्न किलोमीटरची, आणि ती फेरी कुणी पायी करतं, कुणी घोड्यावर, तिबेटी लोक तर कुणी कुणी पूर्ण वाट लोटांगण घालत. घोड्यावरच्याला कुणी म्हणत नाही की तुझी परिक्रमा झाली नाही. मधे काही वर्षं यात्रा बंद होती ना, तेव्हा 2024 मध्ये जुन्या लिपुलेख खिंडीच्या बाजूने, आपल्या हद्दीतूनच लांबून कैलास दाखवायला सुरुवात झाली. लोक तेवढ्यासाठी एवढ्या थंडीत गेले, नुसतं लांबून बघायला.

हे वाचून बाबा म्हणणार की मग कष्टाला काही अर्थच नाही का. आहे, खूप आहे, मी कुठे नाही म्हणते. चढताना पहिला तासभर ऑफिस डोक्यात असतं, मग दम लागतो आणि एकेक गोष्ट गळायला लागते, शेवटी फक्त पुढचं पाऊल आणि श्वास उरतो, आणि त्या वेळी जे वाटतं ते मला देवळात क्वचितच वाटलंय. (हल्ली याचंही पॅकेज झालंय, सनराइज मेडिटेशनसह आध्यात्मिक ट्रेक, नाश्ता इन्क्लुडेड. चीड येते मला.) पण बाबा, तुमचे कष्ट करून झालेत. धुळ्याहून चैत्राच्या उन्हात पायी गेलात, तळपायाला फोड, मालेगावच्या पुढे कुणी अनोळखी माणसाने ताक दिलं ते तुम्ही अजून सांगता. ते बँकेत ठेवल्यासारखं जमा आहे, दरवर्षी नव्याने भरायला लागत नाही.

आणि एक सांगू, रागावू नका. आईला घेऊन जायचात तेव्हा पायथ्याच्या नांदुरीवरून एसटीनेच वर जायचात ना? पायी चढायचा रडतोंडीचा घाट सोडून? तेव्हा नाही वाटलं दर्शन कच्चं झालं म्हणून. आणि त्या पायऱ्या तरी कुठे आधीपासून होत्या, मराठेशाहीतल्या सरदार दाभाड्यांच्या उमाबाईंनी त्या बांधून घेतल्या असं सांगतात. त्याआधी कातळाला धरून चढणारा कुणी म्हातारा नक्की म्हणाला असणार, पायऱ्यांवरून जायचं तर कसलं दर्शन!

आई, तुला यातलं काही पटवायची गरज नाही हे मला माहितीये. तू रोज सकाळी खाली पाय टेकवायच्या आधी भुईची माफी मागतेस. कळसूबाईला शिड्यांपाशी एक आजी बघितली होती, अनवाणी, पहिल्या पायरीला हात लावला, कपाळाला लावला आणि मग पाय ठेवला, अगदी तुझीच आठवण आली. आणि ती कळसू पण तुला आवडेल बघ, कोळ्यांची पोर, कामाला राहताना अट घातली की भांडी घासणार नाही, आणि जबरदस्तीने घासायला लावली तर घर सोडून डोंगरावर जाऊन राहिली. अख्ख्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर तिच्या नावावर आहे.

तर ठरवा. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडून जाऊ, गर्दी नको. मी आदल्या रात्री धुळ्याला येते, सकाळी लवकर गाडीने निघू, देवळ्याला चहा. वर ट्रॉलीच्या रांगेत उभं राहायला लागलं तर मी राहीन, तुम्ही दोघं बसा. आई, पुरणाचा घाट घालू नकोस, खण-नारळ पुरे. बाबांनी गुडघ्याचा पट्टा आठवणीने घ्यायचा, आणि काठी "लोक काय म्हणतील" म्हणून घरी ठेवायची नाही. दर्शन झालं की मार्कंड्या दिसेल अशा जागी बसू जरा वेळ, मी कुठून चढले होते ते दाखवते.

उत्तर बाबांनी स्वतः द्यायचं, आईकडे फोन द्यायचा नाही.

तुमची,
मनू