कॅफेची यादी छापली, पण त्यात कॉफी कुठे आहे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत नागपूरच्या धरमपेठ-गोकुळपेठ भागातल्या चांगल्या कॉफी शॉप्सची यादी आली होती, ती मी दोनदा वाचली. आधी चहा पिताना वाचली, मग दुपारी चष्मा लावून नीट वाचली, कारण मला वाटलं माझ्याकडून काहीतरी सुटलं असेल. पण नाही. कोणाकडे झोपाळा आहे, कोणाकडे भिंतीवर पंख रंगवलेत, कोणाची गच्ची आहे, कुठे पिवळे दिवे आहेत, सगळं होतं त्यात, फक्त कॉफी कशी लागते हे एकाही दुकानाबद्दल लिहिलेलं नव्हतं. मी कॉफी हाऊस चौकापासून पाच मिनिटांच्या अंतरावर गेली ३२ वर्षं राहते. ज्या चौकाचं नावच कॉफीवरून पडलंय तिथल्या कॉफीबद्दल लिहायचं आणि कॉफीच सोडून द्यायची, हे मला फार लागलं म्हणून लिहून राहिले.

माझी कॉफीची ओळख सदरच्या इंडियन कॉफी हाऊसमधली. बाबा एजी (महालेखापाल) ऑफिसात होते, पगाराच्या दिवशी आम्हा दोघी बहिणींना सायकलवर डबल सीट घेऊन सदरला जायचे. पांढरे कपडे, डोक्यावर पंख्यासारखा तुरा काढलेला फेटा असे ते वेटर, जाड पांढरा कप, आणि बाबांच्या टेबलावर त्यांचे दोन मित्र तासभर विदर्भावर वाद घालत बसलेले, एकेक कप कॉफीवर, आणि कोणी येऊन उठा म्हणत नव्हतं. तेव्हा हे मला साहजिक वाटायचं. मोठी झाल्यावर कळलं की ही कॉफी हाऊसं आधी कॉफी बोर्डाची होती, पन्नाशीच्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली, कामगार रस्त्यावर यायची वेळ आली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी सोसायट्या काढल्या आणि १९५७ पासून एकेका शहरात कॉफी हाऊस आपल्या हातात घेतलं. म्हणजे तो कप ज्याने आणून दिला तो त्या दुकानाचा भागीदार होता. एखादं दुकान आपलं वाटतं ते का, याचं उत्तर मला वाटतं यातच आहे.

घरी मात्र आमच्याकडे कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, जायफळ किसून घातलेली, पाहुणे रात्री जेवून गप्पा मारत बसले की करायची ती. ती मला आजही आवडते. पण ती दूध-साखर-जायफळाची चव, कॉफीची नाही, हे मला साठीच्या जवळ आल्यावर समजलं, तेही गोकुळपेठ मार्केटच्या मागच्या गल्लीतल्या एका सहा टेबलांच्या दुकानात.

तिथला मुलगा इंजिनिअर आहे, पुण्याची नोकरी सोडून आला, स्वतःच मशीनवर उभा राहतो. जुलै महिना होता, पाऊस नुसता झोडपून राहिला होता, दुकानात मी एकटीच. त्याने छोट्या काट्यावर १८ ग्रॅम पावडर मोजली, दाबली, मशीनला लावली, खाली कप ठेवला आणि घड्याळ बघत उभा राहिला. धार जरा भसकन आली. कप माझ्यासमोर ठेवला नाही त्याने, सरळ बेसिनमध्ये ओतला. म्हणाला, काकू ही नका पिऊ, पंधरा सेकंदात गेली, आंबट लागेल, हवेत ओल आली की दळण बदलावं लागतं. मग त्याने ग्राइंडरची चकती जराशी फिरवली, पुन्हा मोजलं, पुन्हा दाबलं. या वेळी धार मधासारखी बारीक, सावकाश, २८ सेकंद. मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे मला तो काटा आणि ते घड्याळ बघून इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री आणि हवा कोरडी ठक्क, आणि जुलैत पापड दोन तासांत मऊ पडतो, मग त्याच मापाने वर्षभर कॉफी कशी जमेल? जो दुकानदार मोसम बदलला की दळण बदलतो त्याला मी चांगला दुकानदार म्हणते, मग त्याच्या भिंतीवर पंख रंगवलेले असोत की नसोत.

त्यानंतर मी विचारायला लागले आणि विचारलं की ही मुलं मनापासून सांगतात हो. पाकिटावर भाजल्याची तारीख बघायची हे तिथेच शिकले. भाजल्यापासून साधारण महिनाभरात बीन्सचा सुगंध जायला लागतो, त्यामुळे नुसती एक्स्पायरी डेट छापलेली असेल तर त्याचा काही उपयोग नाही. दूध ६०-६५ डिग्रीपर्यंत तापवलं की ते गोड लागतं, सत्तरीच्या पुढे गेलं की चव बिघडते, आणि आपण मात्र काउंटरवर जाऊन "एकदम गरम द्या बरं का" म्हणतो, मीही म्हणायची. साखर न घालता एक घोट घेऊन बघा म्हणून त्याने मला सांगितलं, मी बघितला, आणि तेव्हापासून कॅपुचिनोत साखर घातलेली नाही. घरी जी पावडर आणतो तिचं लेबलही मी आता वाचते, कारण चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड, मिसळलेली कॉफी असेल तर ती चिकोरी किती टक्के आहे हे कंपनीने लिहावंच लागतं, आणि कायद्याने ती ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. म्हणजे निम्म्याला निम्मी झाली ना. चिकोरी वाईट आहे असं मी म्हणत नाही, दक्षिणेकडे फिल्टर कॉफीत आवडीने घालतात, पण आपण काय पितो हे माहीत असावं एवढंच.

आता बीन्स. इथल्या चांगल्या दुकानांतून बहुतेक चिकमगळूर नाहीतर कूर्गचे बीन्स असतात, ते बरोबरच आहे, देशातली जवळपास सत्तर टक्के कॉफी कर्नाटकातच होते. सूफी संत बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी गोष्ट सांगतात, मला ती गोष्ट फार आवडते. आणि भाजणीच्या बाबतीत तर नागपूरकरांनी कोणाकडे बघायची गरजच नाही, आपल्याच गावच्या कॉरिडॉर सेव्हनची भाजलेली कॉफी देशभरातले शौकीन मागवून पितात, माझा भाचा बंगळुरात राहतो, तो मला फोन करून सांगतो की मावशी तिकडून येताना दोन पाकिटं आण. कॉफीच्या गावात राहणारा पोरगा नागपूरहून कॉफी मागवतो!

पण माझ्या मनात खरं तर चिखलदरा आहे. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती आपल्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला. समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या वर, मेळघाटच्या जंगलात, झाडांच्या सावलीत. आम्ही शाळेची सहल घेऊन गेलो होतो तेव्हा ती झुडपं मी पाहिली, लाल बोरासारखी फळं लागली होती, आणि मुलींना मी एक फळ सोलून दाखवलं तर आत दोन बिया पाठीला पाठ लावून नाही, पोटाला पोट लावून बसल्यासारख्या. माझ्या वर्गातल्या एकीलाही माहीत नव्हतं की कॉफी विदर्भात होते. आजही इथल्या कॅफेत बसलेल्यांना विचारा, सांगतील का? मी तीन दुकानांत विचारलं, तिघांनीही ती कधी ठेवलेली नाही. मला असं वाटतं की वर्षातून एक महिना तरी धरमपेठेतल्या या छोट्या दुकानांनी चिखलदऱ्याची कॉफी ठेवून बघावी, थोडी मिळेल, महाग पडेल, चवीत चिकमगळूरपेक्षा कमी-जास्त असेल, पण संत्र्यावर आपण जो जीव टाकतो त्यातला थोडा या झुडपालाही द्या ना. संत्र्यावरून आठवलं, ट्रॅफिक पार्कजवळ दोन बहिणी दुकान चालवतात, त्या आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की ताज्या रसावर कोल्ड ब्र्यू, म्हणजे गार पाण्यात तासन्‌तास भिजवून काढलेली कॉफी, ओतून देतात. मला आधी ते ऐकूनच कसंतरी झालं होतं, पण प्यायले तर रसाचा आंबटगोडपणा आधी आणि कॉफीचा कडूपणा मागून येतो, फार छान लागतं. बाटलीबंद रस घालून वर्षभर विकता आलं असतं त्यांना, पण त्या विकत नाहीत, ती संत्री संपली की फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहार, म्हणजे संत्र्याचा दुसरा हंगाम, येईपर्यंत बोर्डावरून नाव पुसून टाकतात. मला अशी माणसं आवडतात.

तुमच्या यादीतल्या एका मोठ्या कॅफेतही मी गेले होते, नाव लिहीत नाही. मैत्रीण आणि मी, दोघी. वीस मिनिटं झाली नाहीत तोवर मुलगा येऊन म्हणाला मॅडम टेबल लागेल. गाणं इतकं मोठं होतं की मैत्रिणीचं ऑपरेशन कसं झालं हे मी ओरडून विचारत होते. कॉफी कोमट आणि जळकट, वर फेसाचं सुंदर पान काढलेलं. बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला होता, मी तो काढायला सांगितला तर म्हणे सिस्टीममध्ये ऑटोमॅटिक येतो. आपल्या वाचकांना हे सांगा प्लीज, की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. टीप द्यायची असेल तर आपण आपल्या मनाने देऊ, त्या गल्लीतल्या मुलाला मी देतेच.

छोट्या दुकानांचं मात्र खरंच कठीण होऊन राहिलंय. गेल्या दोन वर्षांत माझ्या माहितीतली दोन बंद झाली, एकाच्या जागी मोबाईल कव्हरचं दुकान आलं. भाडं वाढलं, दूध वाढलं, आणि २०२४ मध्ये ब्राझील आणि व्हिएतनामकडे दुष्काळ पडला तर बीन्सचे भाव इथे गोकुळपेठेत चढले, ते अजून त्या मुलाच्या हिशेबाच्या वहीत दिसतात, त्याने मला दाखवली. कॅपुचिनो त्याने वीस रुपयांनी वाढवला तर रोजचे दोन गिऱ्हाईक तुटले. वर आपली कॉलेजची मुलं, चौघांत एक कोल्ड कॉफी घेऊन चार तास बसतात. मला त्यांच्यावर राग नाही, त्यांना बसायला जागा कुठे आहे या शहरात, बाबांच्या मित्रांसारखंच आहे ते. पण सहा टेबलांपैकी दोन अशी अडकली तर त्या पोराने भाडं कुठून काढायचं? तासाला माणशी काहीतरी एक घ्यावं, साधा बन मस्का का होईना, एवढं मी माझ्या जुन्या विद्यार्थिनींना भेटल्या की सांगते आणि त्या ऐकतात.

आणि पार्किंग. लक्ष्मीभुवन चौकापासून कॉफी हाऊस चौकापर्यंत संध्याकाळी चालून दाखवावं कोणीही. फूटपाथवर गाड्या, मधूनच बुलेट, आणि त्या गल्लीतल्या दुकानासमोर कोणीतरी दुसऱ्याच शोरूमची कार लावून गेलेलं, म्हणजे आतलं दुकान दिसतही नाही. महानगरपालिकेने निदान गल्ल्यांची तोंडं मोकळी ठेवावीत. आपल्यालाही शंकरनगरला मेट्रोने उतरून चालत येता येतं, मी गुडघ्याचा पट्टा लावून येते.

तर संपादक महोदय, माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी यादी कराल तेव्हा ज्याला कॉफी आवडते अशा वार्ताहराला पाठवा. त्याने पाकिटावरची तारीख बघावी, मशीनवर कोण उभं आहे आणि तो पहिला बिघडलेला कप काय करतो ते बघावं, आणि एकट्या बाईला पुस्तक घेऊन तासभर बसू देतात का ते बघावं. दुकानांची नावं मी इथे मुद्दाम लिहिली नाहीत, पत्राची जाहिरात व्हायला नको. पण तुमच्या वार्ताहराला मी स्वतः घेऊन जाईन. सकाळी साडेदहाला बरं पडतं, तेव्हा मशीन तापलेली असते आणि कॉलेजची गर्दी सुरू झालेली नसते. पहिली कॉफी माझ्याकडून.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
धरमपेठ, नागपूर