गहाळ झालेले परदेशी पार्सल आणि विक्रेत्याची जबाबदारी

संपादक महोदय,

परदेशातील एखाद्या खासगी व्यक्तीकडून ग्रामोफोनची जुनी तबकडी, टपाल तिकीट किंवा फाउंटन पेन ऑनलाइन विकत घेणारे अनेक संग्राहक मुंबईत आहेत, आणि आपल्या संग्रहातील वस्तू येथून बाहेर पाठवणारेही आहेत. पार्सल वाटेत गहाळ झाले की विकणारा म्हणतो, मी पाठवले. घेणारा म्हणतो, मला मिळाले नाही. पुष्कळदा दोघेही खरेच बोलत असतात. म्हणूनच एकमेकांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याआधी कोणता कागद कोणाच्या हाती आहे, हे पाहिले पाहिजे.

अशा वेळी ग्राहक आयोगाकडे दाद मागता येईल, असा अनेकांचा समज असतो. परंतु ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे नियमित व्यवसाय म्हणून नव्हे, तर वैयक्तिक नात्याने वस्तू विकणाऱ्या व्यक्तीला लागू होत नाहीत. उरतो तो १९३० चा माल विक्री अधिनियम. त्याच्या कलम ३९ नुसार माल वाहकाच्या (म्हणजे टपाल किंवा कुरियरसारख्या पोचवणाऱ्या सेवेच्या) ताब्यात देणे म्हणजे प्रथमदर्शनी तो खरेदीदाराला देणेच होय, आणि एवढे वाचून विक्रेते निर्धास्त होतात. त्याच कलमाचा पुढचा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही: मालाचे स्वरूप पाहता विक्रेत्याने वाहकाशी वाजवी करार केला नसेल आणि माल वाटेत हरवला, तर तो आपल्याला पोचला असे मानण्यास खरेदीदार नकार देऊ शकतो किंवा विक्रेत्याकडून भरपाई मागू शकतो. महागडे पेन ट्रॅकिंगविना साध्या पाकिटातून पाठवणे वाजवी ठरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र खरेदीदाराने स्वतःच पैसे वाचवण्यासाठी साधी सेवा निवडली असेल आणि तसे लिहून दिले असेल, तर तोटा त्याने सोसावा. अर्थात परदेशी विक्रेत्याला आपला कायदा लागू होईलच असे नाही, आणि काही हजार रुपयांसाठी परक्या देशातील न्यायालयात जाणे कोणालाच परवडत नाही.

त्यामुळे खरा उपयोग होतो तो टपालाच्या नियमांचा. आंतरराष्ट्रीय टपाल संघाच्या व्यवस्थेत वस्तूचा माग काढण्यासाठी तेरा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. त्याची सुरुवात रजिस्टर्ड टपालासाठी ‘आर’ने, पार्सलसाठी ‘सी’ने आणि ईएमएस या जलद टपालसेवेसाठी ‘ई’ने होते, तर शेवटची दोन अक्षरे पाठवणाऱ्या देशाची असतात. रजिस्टर्ड टपाल किंवा पार्सल न पोचल्यास चौकशीचा अर्ज टपालात टाकल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, आणि भरपाईचा हक्क मुळात पाठवणाऱ्याचा असतो. तो आपला हक्क प्राप्तकर्त्याच्या नावे सोडू शकतो. म्हणजेच पावती ज्याच्या हाती आहे, त्या विक्रेत्यानेच पहिले पाऊल उचलले पाहिजे. ‘थोडे थांबा, येईल’ असे सांगत महिने घालवणे हा खरेदीदारावर अन्याय आहे, कारण पेपॅल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेवर तक्रार नोंदवण्याची मुदतही पैसे दिल्यापासून १८० दिवसांचीच असते आणि कार्डाच्या चार्जबॅकलाही, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्यालाही, मुदत असते.

कर चुकवण्यासाठी कस्टम्सच्या अर्जावर वस्तूची किंमत कमी लिहा किंवा ‘भेटवस्तू’ असे लिहा, असा आग्रह काही खरेदीदार धरतात. तो सर्वथा गैर आहे. जी किंमत खोटी लिहिली, तिच्याहून अधिक भरपाई नंतर कोणत्या तोंडाने मागणार?

दुसऱ्या बाजूने, बॅलार्ड इस्टेट येथील परदेश टपाल कार्यालयात कस्टम्सच्या तपासणीसाठी थांबलेले पार्सल हरवलेले नसते, याचाही विचार खरेदीदारांनी तक्रारीपूर्वी करावा. आणि पैसे परत मिळाल्यानंतर पार्सल आले, तर ते पैसे विनाविलंब विक्रेत्याला पाठवावेत.

टपाल खात्याला माझी विनंती आहे की, अमुक क्रमांकाचे पार्सल मुंबईत दाखल झाले की नाही, याचे लेखी उत्तर प्राप्तकर्त्याला ठरावीक मुदतीत मिळावे आणि त्यासाठीचा अर्जाचा नमुना शहरातील सर्व मोठ्या टपाल कार्यालयांत मराठीतून ठेवला जावा. असे उत्तर हाती असले, तर परदेशातील विक्रेत्यालाही स्वतःच्या देशातील टपाल खात्याकडे चौकशीचा अर्ज करताना त्याचा आधार घेता येईल.

आपला,
एक संग्राहक वाचक,
दादर, मुंबई