प्रत्येक घराची आपत्कालीन योजना तयार करण्याबाबत अध्यक्षांस पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
सिंहगड रस्ता, पुणे.

विषय: सदनिकानिहाय कौटुंबिक आपत्कालीन योजना.

महोदय,

२५ जुलै २०२४ रोजी पहाटे खडकवासला धरणाच्या विसर्गामुळे एकता नगरीत पाणी शिरले, तेव्हापासून आपल्याकडे वाळूच्या पिशव्या आणि पंपाची चर्चा पुष्कळ झाली. मात्र अशा वेळी प्रत्येक घराने काय करायचे, हे अजून कोणीही लिहून काढलेले नाही. पावसाळ्यापूर्वी समितीने ते प्रत्येक सदनिकेकडून लिहून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

अशी योजना करताना आपण बहुधा सगळे घरात आहेत असे धरून चालतो. दुपारी दोन वाजता मात्र बऱ्याच घरांत फक्त आजी-आजोबा किंवा शाळेतून आलेली मुले असतात. त्यामुळे गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचा मेन स्विच कोण बंद करणार, मुलांना शाळेतून आणण्याचा अधिकार आईवडिलांखेरीज कोणाला दिला आहे आणि जिना उतरू न शकणाऱ्यांना कोण खाली आणणार, याची उत्तरे दिवसाच्या व रात्रीच्या वेळेसाठी वेगवेगळी लिहावी लागतील. फोन लागेनासे झाल्यास सर्वांनी निरोप द्यावा असा पुण्याबाहेरचा एक नातेवाईकही प्रत्येक घराने ठरवावा. हे क्रमांक कागदावर असावेत, कारण मोबाइल बंद पडला की आपल्याला सख्ख्या भावाचाही नंबर आठवत नाही.

आपल्या इमारतीतील मीटरची खोली पार्किंगलगत आहे. तिथे पाणी शिरले की वीज तोडावी लागेल आणि विजेबरोबर लिफ्ट व पाण्याचा पंपही बंद पडेल. म्हणून पिण्याचे पाणी माणशी रोज ३ ते ४ लिटर या हिशेबाने तीन दिवसांचे, म्हणजे चौघांच्या घराला चाळीसेक लिटर, साठवलेले बरे. नेहमीची औषधे, टॉर्च, पॉवर बँक, थोडी रोख रक्कम आणि कागदपत्रांच्या प्रती एका जलरोधक पिशवीत असाव्यात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते थंड कसे ठेवायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

जमण्याची जागा मात्र समितीनेच ठरवायला हवी. आग लागल्यास लिफ्ट न वापरता जिन्याने उतरून फाटकाबाहेर अग्निशमन वाहनाच्या वाटेपासून दूर जमायचे, तर पुरात वरच्या मजल्यावर जायचे, हा फरक सर्वांना सांगणे आवश्यक आहे. गच्चीला सध्या कुलूप असते. त्याची एक किल्ली प्रत्येक मजल्यावर असावी. (पतंग आणि पार्ट्यांच्या तक्रारींचा बंदोबस्त वेगळ्या मार्गाने करता येईल.) मदतीची गरज असलेल्या रहिवाशांची यादी त्यांच्या संमतीने तयार करून सचिव आणि सुरक्षारक्षकाकडे ठेवावी, ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये.

आगामी मासिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा. एका पानाच्या नमुना अर्जाचा मसुदा मी सभेपूर्वी आपल्याकडे देईन. त्यात ११२, १०१ आणि १०८ हे क्रमांक वरच्या बाजूला छापलेले असतील.

आपला विश्वासू,
एक सभासद, दुसरा मजला